‘टेक’ म्हणजे ‘घेणें’ काय ?

इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलास जीं क्रियापदें पहिल्या महिन्यांत पाठ होतात, तींच त्यास पुढें जन्मभर हुलकावण्या देत राहतात, असा आमचा अध्यापनांतला अनुभव आहे. एखादा लांबलचक, लॅटिन घाटाचा शब्द पुढें आला म्हणजे विद्यार्थी बिचकतो, कोश उघडतो, त्यास एक अर्थ सांपडतो आणि त्याचें काम भागतें. ‘टेक’, ‘गेट’, ‘पुट’, ‘सेट’ असा एवढासा शब्द आला म्हणजे मात्र कोश उघडण्याची त्यास गरजच वाटत नाहीं. कारण तो शब्द त्यास ‘येतो’. आणि तेथेंच तो फसतो. अशा शब्दांपैकीं एकाचा, म्हणजे ‘टेक’ या क्रियापदाचा, प्रस्तुत लेखांत विचार करावयाचें आम्ही योजिलें आहे. विषय वरवर परकी व्याकरणाचा दिसतो. परंतु मराठी वाचकाशीं त्याचा संबंध फार निकटचा आहे. या क्रियापदाच्या संगतीनें आमचें ‘घेणें’ सांप्रत कोणत्या वाटेनें चाललें आहे, आणि त्या वाटेवर आमचें कांहीं हरवत आहे कीं काय, हें पाहणें हा आमचा मुख्य हेतु आहे.

इंग्रजी कोशकारांनीं या लहान शब्दांवर केवढे श्रम केले आहेत, तें प्रथम पाहूं. ऑक्सफर्डच्या महाकोशाचा पहिला भाग १८८४ सालीं निघाला आणि तें काम १९२८ सालीं पुरें झालें. त्याचे थोर संपादक जेम्स मरे हे १९१५ सालींच निवर्तले होते. १९८९ सालीं त्या कोशाची दुसरी आवृत्ति २० खंडांत प्रसिद्ध झाली. तींतली सर्वांत मोठी नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती : अर्थ ४३० च्या घरांत आणि मजकूर सुमारें ६०,००० शब्दांचा. आमच्याकडे जेम्स मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तींत नोंदलेले शब्द सुमारें ६०,००० आहेत. म्हणजे मोल्सवर्थ यांनीं सबंध मराठी भाषेचे जेवढे शब्द वेंचून गोळा केले, जवळजवळ तेवढे शब्द इंग्रजी कोशकारांस एका क्रियापदाचा उलगडा करण्यांत खर्चावे लागले ! पुढें नवी आवृत्ति तयार होत असतां ‘रन’ या क्रियापदानें ‘सेट’ला मागें टाकलें, त्याचे ६४५ अर्थ भरल्याचें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. ‘टेक’ हें याच घराण्यांतलें क्रियापद आहे.

हे आंकडे वाचून इंग्रजीच्या श्रीमंतीनें दिपून जाण्याचा मोह होतो. आमचें मत थोडें निराळें आहे. अर्थ किती, हें पुष्कळ अंशीं मोजणाऱ्यावर अवलंबून असतें. टोपी घेतली, कर्ज घेतलें, शपथ घेतली, हे तीन अर्थ मानावयाचे कीं एकाच अर्थाच्या तीन छटा मानावयाच्या, यावर दोन कोशकार सुखानें भांडूं शकतील. अर्थांची संख्या मोठी असणें ही श्रीमंती आहे, असेंही सरसकट म्हणतां येत नाहीं. १९३० सालीं सी. के. ऑग्डन या पंडितानें परकीयांच्या सोयीसाठीं ‘बेसिक इंग्लिश’ या नांवाची ८५० शब्दांची एक आटोपशीर इंग्रजी मांडली. तींत क्रियापदें अवघीं १८ ठेवलीं होतीं, आणि त्यांत ‘टेक’ आहे. शिकणाऱ्यास वाटावें, केवढी ही सोय ! परंतु क्रियापदें कमी केलीं म्हणून जगांतल्या क्रिया कमी होत नाहींत. शंभर क्रियापदांचा भार मग एकाच क्रियापदावर येऊन पडतो, आणि तें बिचारें ‘ऑफ’, ‘अप’, ‘इन’, ‘आफ्टर’ अशा टिचभर शब्दांचा हात धरून तो भार वाहूं लागतें.

याचीं उदाहरणें पाहण्यासारखीं आहेत. ‘टेक ऑफ’ म्हटलें म्हणजे विमान उडतें, मनुष्य डोक्यावरची टोपी काढतो, नोकर एक दिवसाची रजा काढतो, आणि विनोदी नट एखाद्या पुढाऱ्याची नक्कल करतो. ‘टेक इन’ म्हटलें म्हणजे घरमालक निराश्रितास आसरा देतो, शिंपी सैल झालेलें वस्त्र अंगाबरोबर करतो, श्रोता ऐकलेलें मनांत उतरवितो, आणि ठक भोळ्या माणसास फसवितो. ‘टेक आफ्टर’ म्हणजे कोणाच्या मागून कांहीं घेणें नव्हे. मुलगा बापावर जातो, त्याला इंग्रज असें म्हणतो. या साऱ्या वाक्यांत ‘घेणें’ कोठें आहे ? आमच्या भाषेनें तेथें उडणें, काढणें, उतरविणें, फसविणें, जाणें अशीं निरनिराळीं माणसें कामास लाविलीं आहेत. इंग्रजीनें एकच गडी ठेवून त्याच्या हातीं निरनिराळीं अवजारें दिलीं आहेत. दोन्ही घरांचें काम होतेंच. फक्त कारभाराची रीत निराळी.

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण भाषाशुद्धीच्या वादांत ती सहसा कोणी सांगत नाहीं. जें ‘टेक’ आज इंग्रजीचें हाडामांसाचें क्रियापद वाटतें, तें मूळचें इंग्रजीचें नव्हे. जुन्या इंग्रजींत या अर्थी ‘निमन’ असें क्रियापद होतें. जर्मन भाषेंत त्याचें भावंड ‘नेमेन’ आजही नांदत आहे. डेन्मार्क-नॉर्वेकडील लोक इंग्लंडांत येऊन वसले, त्यांच्या बोलींतलें ‘टाका’ हें क्रियापद अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजी लेखनांत दिसूं लागलें, आणि पुढल्या तीन-चारशें वर्षांत त्यानें घरच्या ‘निमन’ला पार हुसकून लाविलें. त्या जुन्या क्रियापदाची एक खूण ‘नम्ब’ या शब्दांत उरली आहे. बधिर झालेल्या अवयवास ‘नम्ब’ म्हणतात. मूळ अर्थ ‘घेतला गेलेला’, म्हणजे ज्याची संवेदना कोणी हिरावून घेतली आहे असा. तेव्हां पाहुण्या शब्दानें भाषा बुडते हें खरें नाहीं. पाहुणा घरच्या माणसाचें काम घेऊन बसला, तर घरचें माणूस मात्र उठून जातें, हें खरें आहे.

आतां आपल्या ‘घेणें’कडे वळूं. संस्कृतांतील ‘ग्रह्’ धातूपासून, प्राकृतांतील ‘घेत्तूण’ अशा रूपांच्या वाटेनें आलेलें हें क्रियापद मराठीच्या अगदीं पहिल्या वाङ्मयापासून तिच्या सोबत आहे. १२९० च्या ज्ञानेश्वरींतही तें जागोजाग भेटतें. इंग्रजीची ओळख होण्यापूर्वींच त्याचा संसार केवढा वाढला होता ! नवी नवरी नांव घेते, सासुरवाशीण वसा घेते, संत समाधि घेतो, सैन्य माघार घेतें, मुलें घर डोक्यावर घेतात, कृपण मनुष्य हात आखडता घेतो, वरिष्ठ फैलावर घेतो, शेजारी तोंडसुख घेतो, आणि अखेर सर्वच एकमेकांचा निरोप घेतात. यांतला एकही प्रयोग कोणा साहेबानें आम्हांस शिकविलेला नाहीं.

याहूनही सूक्ष्म असा एक गुण या क्रियापदांत आहे, आणि त्यास इंग्रजींत एका शब्दाचा जोड नाहीं. ‘जेव’ आणि ‘जेवून घे’ यांत भेद कोणता ? आई मुलास ‘जेव’ म्हणते, तेव्हां ती क्रिया सांगते. ‘जेवून घे’ म्हणते, तेव्हां पुढें कांहीं अडचण आहे, आतां उरकलेलें बरें, आणि तें तुझ्याच हिताचें आहे, एवढें सारें त्या ‘घे’मध्यें सांगते. तसेंच ‘लिहून घे’, ‘लिहून दे’, ‘लिहून टाक’, ‘लिहून ठेव’ हे चार प्रयोग पाहावे. लिहिणें एकच, पण तें कोणासाठीं, कोणत्या वृत्तीनें आणि पुढें कशाकरितां, हें मागून आलेलें क्रियापद सांगतें. इंग्रजीनें क्रियापदाच्या पुढें अव्यय जोडून अर्थ वाढविला. मराठीनें क्रियापदाच्या मागें दुसरें क्रियापद जोडून मनुष्याचा हेतु वाढविला. हा भेद ज्या विद्यार्थ्यास उमगला, त्यास दोन्ही भाषा निम्म्या येऊन गेल्या असें आम्ही समजतों.

परंतु पुस्तकांतली भाषा एक आणि चालती-बोलती भाषा एक. म्हणून आम्ही वाचकांस शिरूर तालुक्यांतील सणसवाडीकडे नेऊं इच्छितों. पुणें-नगर रस्त्यावर, कोरेगांव भीमा आणि शिक्रापूर यांच्या मध्यें हें गांव आहे. एके काळचें हें शेतीचें गांव आज कारखान्यांचें झालें आहे. रस्त्याच्या दोहों बाजूंस धुराडीं, गोदामें आणि मालमोटारी दिसतात. अशा गांवीं एकाच घरांत दोन पिढ्यांची दोन प्रकारची भाषा ऐकूं येते. बाप रान खंडानें घेतो, कांद्याचें पीक घेतो, सोसायटीचें कर्ज घेतो. मुलगा यंत्रावर उभा राहून माप घेतो, लोखंडावर कट घेतो, दुसरा कामगार आला नाहीं तर त्याची शिफ्ट घेतो, आणि मित्र कष्टी दिसला तर त्यास ‘लोड घेऊं नको’ असें सांगतो. बापाचें ‘घेणें’ आणि मुलाचें ‘घेणें’ यांत वीस-पंचवीस वर्षांचें अंतर आहे. परंतु ऐकणाऱ्यास तीं दोन्ही एकाच घरचीं वाटतात.

या बोलींत एक विशेष आमच्या ध्यानांत आला. कारखान्याबरोबर इंग्रजी क्रियापदें पुष्कळ आलीं, पण तीं ‘करणें-होणें’ यांचा टेकू घेऊन आलीं : यंत्र सेट करणें, भाग फिट करणें, माल चेक करणें, जॉब रिजेक्ट होणें. आणि येतांना प्रत्येकानें आपला एकच अर्थ आणिला. ज्या ‘सेट’चे ऑक्सफर्डच्या कोशांत ४३० अर्थ, त्याचा यंत्राजवळ अर्थ एकच : यंत्र कामास योग्य असें जुळविणें. असा शब्द भाषेस अपाय करीत नाहीं. तो पाहुण्यासारखा ओटीवर बसतो, आणि पाहुणा म्हणून ओळखूंही येतो. ‘टेक’ची गोष्ट याहून निराळी आहे. ‘टेक करणें’ असें क्रियापद सणसवाडींत नाहीं आणि पुण्यांतही नाहीं. शब्द आलाच नाहीं. त्याची नुसती सावली आली, आणि ती आमच्या ‘घेणें’वर पडली. देह दिसत नसल्यामुळें ती परकी आहे हें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. १८७४ सालीं सुरू झालेल्या निबंधमालेंतून विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं इंग्रजी वळणाच्या मराठीवर जे प्रहार केले, ते मुख्यतः अशाच सावल्यांवर होते. इंग्रजी शब्द गाळणें सोपें आहे. मराठी शब्दांत शिरलेली इंग्रजी रचना गाळणें कठीण.

ही सावली कोठें इष्ट आणि कोठें अनिष्ट, हें ठरवावयाचें कसें ? आमच्या मतें त्यास कसोटी एकच. नव्या प्रयोगानें भाषेंत एखादा भेद निर्माण होत असेल, तर तो प्रयोग कोठूनही आलेला असो, त्यास थारा द्यावा. नव्या प्रयोगानें भाषेंत असलेला भेद पुसला जात असेल, तर तो कितीही रूढ झाला तरी त्याविरुद्ध बोलावें. ही कसोटी कांहीं प्रयोगांस लावून पाहूं.

‘निर्णय घेणें’ या प्रयोगावर शुद्धतावादी मंडळींचा मोठा राग आहे. निर्णय करावा, घेऊं नये, असें तीं म्हणतात. आम्ही या प्रयोगाच्या बाजूचे आहों. न्यायाधीश निर्णय देतो आणि गृहस्थ निर्णय घेतो. एकाचा निर्णय दुसऱ्यांसाठीं आहे, दुसऱ्याचा आपल्यासाठीं. येथें ‘देणें’ आणि ‘घेणें’ यांनीं एक चांगला भेद उभा केला आहे. तसेंच ‘काळजी करणें’ आणि ‘काळजी घेणें’. आजाऱ्याच्या उशाशीं बसून नुसता जीव टांगणीस लावणारा काळजी करतो. वेळच्या वेळीं पेज देणारा काळजी घेतो. एकच नाम, पण क्रियापद बदलतांच चिंतेची सेवा झाली. अशा प्रयोगास परका म्हणून हांकलणें म्हणजे घरांत आलेला दिवा विझविणें होय.

आतां उलट बाजू. ‘आंघोळ घेतली’, ‘बस घेतली’, ‘फोटो घेतला’, ‘संधि घेतली’ हे प्रयोग शहरांतल्या सुशिक्षित घरांत सर्रास ऐकूं येतात. आंघोळ करावयाची असते, बस धरावयाची असते, फोटो काढावयाचा असतो, संधि साधावयाची असते. चार निराळ्या हालचाली होत्या. त्यांची एकच हालचाल झाली. ‘बस घेतली’ म्हणणाऱ्या गृहस्थानें तिकीट काढलें कीं सबंध गाडी विकत घेतली, असा प्रश्न खेड्यांतल्या माणसास पडला, तर त्यांत त्याचें अज्ञान नाहीं.

आणि एका ठिकाणीं तर ‘टेक’ आणि ‘घेणें’ एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. इंग्रजींत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो. मराठींत विद्यार्थी परीक्षा देतो आणि गुरुजी ती घेतात. त्यामुळें आमचा विद्यार्थी इंग्रजींत लिहितो कीं, गुरुजींनीं आमची परीक्षा ‘टुक’, आणि परीक्षा खुद्द गुरुजींनींच दिली असें इंग्रज वाचक समजतो ! मुलाखतीचेंही तसेंच : प्रश्न विचारणारा ती घेतो, उत्तर देणारा ती देतो. मराठीची दृष्टि येथें फार स्वच्छ आहे. परीक्षेंत ज्याच्याजवळचें कांहीं पुढें ठेवलें जातें तो देणारा, आणि तें जो पारखतो तो घेणारा. इंग्रजीनें तीच गोष्ट दुसऱ्या बाजूनें पाहिली : अंगावर ओढवून घेतलेलें एक काम, या दृष्टीनें. दोन्ही दृष्टि खऱ्या आहेत. परंतु मराठी शाळेंतलें मूल जेव्हां घरीं येऊन ‘आज मीं परीक्षा घेतली’ म्हणूं लागतें, तेव्हां देणारा आणि घेणारा यांतला भेद त्याच्या भाषेंतून नाहींसा होऊं लागला आहे, हें आईबापांनीं ओळखावें.

परंतु ‘टेक’चा खरा प्रतिस्पर्धी आमच्याकडे ‘घेणें’ नव्हेच. तो मान ‘लागणें’ या क्रियापदाचा आहे. इंग्रज म्हणतो, या कामास दोन तास ‘टेक’ होतात, धैर्य ‘टेक’ होतें, पैसा ‘टेक’ होतो. आम्ही म्हणतों, दोन तास लागतात, धैर्य लागतें, पैसा लागतो. आणि या ‘लागणें’चा व्याप तरी केवढा ! भूक लागते, ठेच लागते, आग लागते, लग्न लागतें, डोळा लागतो, नाद लागतो, मन लागतें, वाट लागते. मूल बोलूं लागतें, बापास कर्ज काढावें लागतें. गाडी फलाटाला लागते आणि तीच गाडी पुढें घाटांत प्रवाशाला लागते. कोणीं मराठीचा ऑक्सफर्डसारखा कोश करावयास घेतला, तर ‘सेट’च्या तोडीची नोंद या एका क्रियापदाची होईल, अशी आमची खात्री आहे.

सणसवाडीच्या घरांत याचा सर्वांत बोलका प्रयोग ऐकावयास मिळतो. ‘थोरला कंपनींत लागला,’ असें आई सांगते. इंग्रजींत त्यानें नोकरी ‘टेक’ केली, असें म्हणतां येईल. या दोन वाक्यांत दोन जगें आहेत. यावरून कोणी असें अनुमान काढील कीं, इंग्रज कर्तृत्ववान म्हणून तो ‘घेतो’, आणि मराठी माणूस दैववादी म्हणून त्याला ‘लागतें’. हें अनुमान आम्हांस मुळींच मान्य नाहीं. तीच आई ‘त्यानें ती नोकरी सोडली, दुसरी धरली’ असेंही सांगते; सोडणें आणि धरणें यांत कर्तृत्वाची वाण कोठें आहे ? ‘लागला’ या शब्दांत दुबळेपणा नाहीं, जाण आहे. नोकरी मिळणें हें आपल्या एकट्याच्या हातीं नसतें, ही ती जाण. आणि कंत्राटी कामासाठीं कारखान्याच्या फाटकाशीं उभा राहिलेल्या तरुणाइतकी ती दुसऱ्या कोणास असणार? तेथें परप्रांतांतून आलेला हिंदीभाषी कामगारही ‘नौकरी लग गयी’ असेंच म्हणतो, आणि दोघे एकमेकांस दुभाष्याशिवाय समजतात. ‘मीं जॉब घेतला’ या नव्या वाक्यांत ही जाण नाहीं. उद्यां तें काम सुटलें, तर ज्यानें नोकरी ‘घेतली’ तो दोषही सारा आपल्याच माथीं घेईल.

येथपर्यंत आम्ही जें लिहिलें, तो कोणास पंडितांचा शब्दच्छल वाटेल. म्हणून या प्रकरणाची एक व्यावहारिक बाजू पुढें ठेवतों. औषधाच्या बाटलीवर, कारखान्यांतल्या फलकावर, सरकारी पत्रकांत आज जी मराठी असते ती बहुधा इंग्रजीवरून उतरविलेली असते. ‘हें औषध दिवसांतून तीन वेळां घ्यावें.’ घ्यावें म्हणजे काय करावें ? आमच्या आजीच्या भाषेंत गोळी खात, काढा पीत, लेप लावीत, तेल चोळीत, थेंब डोळ्यांत घालीत. क्रियापदांतच रीत सांगितलेली असे. शब्द ऐकतांच औषध अंगाबाहेर ठेवावयाचें कीं पोटांत घालावयाचें, हें कळे. ‘घ्यावें’ या शब्दांत तें कळत नाहीं. सुशिक्षित मनुष्य बाटलीकडे पाहून अदमास बांधतो. ज्यास तेवढें वाचतां येत नाहीं, त्याच्या जिवाशीं खेळ होतो. पोटांत घ्यावयाचें नव्हे असें औषध पोटांत गेल्यास त्याचा दोष क्रियापदाचा मानावा कीं रोग्याचा ?

याहून घातक असा प्रकार ‘घेण्यांत येईल’ हा आहे. ‘तक्रारीची दखल घेण्यांत येईल’, ‘योग्य ती काळजी घेण्यांत यावी’, ‘निर्णय घेण्यांत आला आहे’. इंग्रजी कर्मणि रचनेचें हें भाषांतर. इंग्रजींतही तींत कर्ता लपतोच. परंतु मराठीचा स्वभाव असा नव्हे. मराठींत ‘घेणें’ म्हटलें कीं घेणारा हात डोळ्यांपुढें येतो. तो हात कापून टाकला आणि नुसतें ‘घेण्यांत’ तेवढें उरलें. यंत्रांत बोट सांपडलेल्या कामगाराच्या घरचीं माणसें जेव्हां ‘दखल घेण्यांत येईल’ हें वाक्य वाचतात, तेव्हां त्यांचा प्रश्न एकच असतो : कोण घेणार ? व्यवस्थापक घेणार, कंत्राटदार घेणार, कीं सरकारी अधिकारी घेणार ? वाक्य गप्प राहतें. घेणें-देणें या जोडशब्दांत आमच्या पूर्वजांनीं सारा व्यवहार, सारा हिशेब, सारी जबाबदारी सांठविली होती. त्यांतला घेणारा नाहींसा झाला म्हणजे देणेंही कोणाच्या खातीं मांडतां येत नाहीं. भाषेंतला कर्ता लोपला कीं न्यायांतला प्रतिवादी लोपतो, हें ज्यास पटेल त्यास या लेखाचा विषय क्षुल्लक वाटणार नाहीं.

दोष केवळ भाषांतरकारांचा नाहीं. ज्या पद्धतीनें आम्ही इंग्रजी शिकलों आणि शिकवितों, तिचाही आहे. मोल्सवर्थ यांनीं आरंभिलेला आणि टॉमस कँडी यांनीं १८४७ सालीं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश हें मोठें काम आहे. त्याचे उपकार विसरणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु मोठ्या कोशांतून लहान कोश निघाले, लहान कोशांतून शाळेच्या शब्दसूचि निघाल्या, आणि प्रत्येक पायरीवर अर्थ गळत जाऊन अखेर ‘टेक = घेणें’ एवढें समीकरण मुलाच्या वहींत उरलें. त्यापेक्षां तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेची वाट बरी होती. तीत मूल शब्दावर न थांबतां वाक्यास वाक्य जुळवीत असे. क्रियापद आपल्या सोबत्यांसह त्याच्यापुढें येई. आज त्या वाक्यांतला काळ जुना झाला असेल, पण रीत जुनी झालेली नाहीं. मूळ क्रियापदाखालीं अर्थांची माळ न लावतां, त्याचे सोबती लावावे : परीक्षेबरोबर आलें तर देणें, वेळेबरोबर आलें तर लागणें, फोटोबरोबर काढणें, औषधाबरोबर खाणें अथवा पिणें, शपथेबरोबर मात्र घेणें. असें कोष्टक विद्यार्थ्यानें आपल्या हातानें केलें, तर त्यास इंग्रजी तर येईलच, शिवाय आपल्या भाषेंत किती निरनिराळे हात काम करीत आहेत, हेंही दिसेल.

एका जुन्या शब्दाकडे जातां जातां वाचकांचें लक्ष वेधतों. इंग्रजींत एखादी गोष्ट न तपासतां मानून चालणें यास ‘टेक फॉर ग्रांटेड’ म्हणतात. आमच्याकडे त्यास ‘गृहीत धरणें’ हा प्रयोग रुळला आहे. ‘गृहीत’ म्हणजे घेतलेलें, त्यापुढें ‘धरणें’. घेतलेलें आहे, त्यास आतां धरून चालावयाचें. येथें भाषांतर झालें खरें, पण करणाऱ्यानें ‘घेणें’ला ‘घेणें’ न चिकटवितां आपल्या भाषेंतून विचार केला आणि मूळच्यापेक्षां नेमका प्रयोग दिला. परकें घ्यावें कसें, याचा हा धडा आहे.

इंग्रजीशीं आमचें वैर नाहीं. तिच्यावर आमची उपजीविका झाली आहे आणि तिच्या वाङ्मयानें आम्हांस आयुष्यभर आनंद दिला आहे. ‘टेक’चे शेंकडों अर्थ पाहून आम्हांस आजही नवल वाटतें. परंतु ते शेंकडों अर्थ एका ‘घेणें’त कोंबले, तर इंग्रजीची श्रीमंती इकडे येणार नाहीं, आमचीं लागणें, धरणें, काढणें, साधणें, देणें हीं कामाचीं माणसें तेवढीं घराबाहेर पडतील. इंग्लंडांत ‘निमन’ असेंच बाहेर पडलें, आणि मागें उरला तो बधिरपणाचा एक शब्द. आमच्या मुलांनीं परीक्षा द्यावी, बस धरावी, गोळी खावी, काढा प्यावा, निर्णय मात्र स्वतः घ्यावा; आणि जेथें ‘घेण्यांत येईल’ असें लिहिलेलें दिसेल, तेथें ‘कोण घेणार?’ असें विचारण्याइतकी मराठी त्यांस यावी.